जिनातल्या बाया आणि चार महिन्यांची पळवाट

खानदेशात कापसाचा हंगाम उभा राहिला की जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणं, सुरू होतं. १९०६ साली खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, त्या सुमारास इथल्या जिनात बरंचसं काम बायांच्या हातचं होतं. जिनापुढे बसून कापूस घालायचा, चामड्याचा रूळ रुई ओढून घेतो, सरकी खाली पडते. हवेत सतत तंतू उडत असतात. मागे लांबलचक फिरता दांडा आणि त्यावरचे पट्टे. पदर किंवा केस त्यात अडकला, की संपलंच.

आता कायदा बघा. १८८१ चा पहिला फॅक्टरी कायदा शंभर किंवा अधिक कामगार असलेल्या, वर्षातून चार महिन्यांपेक्षा जास्त चालणाऱ्या कारखान्यांनाच लागू होता. हंगामी जिनं त्यातून सहज निसटायची! १९११ च्या कायद्याने ही पळवाट बुजवली आणि हंगामी कारखानेही तपासणीत आले. पण त्याच कायद्याने बायकांच्या रात्रपाळीवर बंदी घालताना जिनिंग-प्रेसिंगला सूट ठेवली. मला ही गोष्ट फार लागते. जिथे बाया एवढ्या, तिथेच सूट.

आणि तपासणी म्हणजे काय? हंगाम थोडा, जिनं दूरदूर विखुरलेली आणि इन्स्पेक्टर मोजके. आजही कुठे जुनं जिन दिसलं, तर त्या फिरत्या दांड्याची जागा तेवढी नक्की बघा. तिथे कठडा होता का, हा पहिला प्रश्न.