जीपचा बाप कोण?

दुसरं महायुद्ध ऐन भरात होतं, तेव्हा अमेरिकी मासिकांतून जीपच्या जाहिराती झळकत होत्या. चिखल तुडवत निघालेली चिमुकली लष्करी गाडी, आणि तिच्या जन्माचं श्रेय घेणारी टोलेडो शहरातली विलीज-ओव्हरलँड कंपनी. वाचकाला त्यात खटकण्यासारखं काही नव्हतं. विलीजच्या कारखान्यातून हजारोंनी जीपगाड्या बाहेर पडत होत्याच. खटकलं ते फेडरल ट्रेड कमिशनला. व्यापारातल्या खोट्यानाट्या दाव्यांवर नजर ठेवणारं हे सरकारी खातं. मे १९४३ मध्ये त्याने विलीजविरुद्ध रीतसर तक्रार दाखल केली. जीप तुम्ही बनवता हे मान्य, पण ती तुम्ही घडवलीत हे कशावरून?

प्रकरण पाच वर्षं चाललं. त्याचे धागेदोरे पेनसिल्व्हेनियातल्या बटलर नावाच्या गावी जाऊन पोहोचले.

बटलरमध्ये अमेरिकन बँटम नावाची मोटार कंपनी होती. इंग्लंडच्या ऑस्टिन सेव्हनवरून बेतलेल्या छोट्या गाड्या ती बनवायची. मोठ्या गाड्यांच्या देशात त्या घेणार कोण? १९४० उजाडलं तेव्हा कारखाना बंद पडायच्या बेताला आला होता. एवढ्यात युरोपात जर्मन फौजांनी काही आठवड्यांत फ्रान्स लोळवला, आणि अमेरिकी लष्कराची झोप उडाली. टेहळणीसाठी त्यांच्याकडे घोडे होते, मोटारसायकली होत्या. हवी होती ती चारही चाकांना जोर असलेली, हलकी, बुटकी गाडी. लष्कराचे अधिकारी जूनमध्ये बटलरला येऊन गेले. बँटमच्या लोकांशी बसून त्यांनी गाडीची कल्पना पक्की केली, आणि जुलैत १३५ कंपन्यांना निविदा धाडल्या.

अटी वाचूनच बहुतेकांनी हात टेकले. वजन १,३०० पौंडांच्या, म्हणजे सुमारे ५९० किलोंच्या आत. त्यावर २७० किलोंचा भार वाहायचा. पहिला नमुना ४९ दिवसांत आणि सगळ्या सत्तर गाड्या ७५ दिवसांत हजर. १३५ पैकी उत्तर दिलं फक्त दोघांनी, बँटमने आणि विलीजने.

बँटमकडे त्या वेळी आराखडा काढणारा माणूसच उरला नव्हता. कंपनीने डेट्रॉइटच्या कार्ल प्रोब्स्ट या स्वतंत्रपणे काम करणाऱ्या इंजिनिअरला गळ घातली. द्यायला पगार नाही, काम मिळालं तर पैसे, असा व्यवहार. प्रोब्स्ट आधी नाही म्हणाले, पण युद्धसज्जतेचा कारभार पाहणाऱ्या विल्यम नुडसन यांचा शब्द आला आणि ते तयार झाले. १७ जुलैला ते गाडीने बटलरकडे निघाले आणि वाटेत टोलेडोला स्पायसर कंपनीत थांबले. कारण सगळा पेच पुढच्या अॅक्सलमध्ये होता. मागची चाकं नुसती फिरली की भागतं. पुढच्या चाकांना फिरायचंही असतं आणि वळायचंही. वळलेल्या चाकापर्यंत इंजिनाचा जोर पोहोचवणारे सांधे, आणि तो जोर पुढे-मागे वाटून देणारी ट्रान्स्फर केस, हे दोन्ही जमलं तर गाडी जमली. स्पायसरने हमी दिली. स्टुडबेकर चॅम्पियन या तयार मोटारीचा अॅक्सल सुधारून वापरायचा ठरला.

१८ आणि १९ जुलै असे दोन दिवस प्रोब्स्ट आराखड्यावर वाकून होते. कॉन्टिनेंटलचं तयार इंजिन, ४५ अश्वशक्तीचं. शक्य तिथे बाजारात मिळणारेच भाग, कारण नवे साचे पाडायला वेळ नव्हता. तिसऱ्या दिवशी त्यांनी एकेका भागाचं वजन मांडलं आणि बेरीज केली. आकडा आला १,८५० पौंड, ठरलेल्या मर्यादेच्या साडेपाचशे पौंड वर. खरा आकडा लिहिला तर निविदा तिथल्या तिथे बाद होणार होती. बँटमसाठी वॉशिंग्टनमध्ये खटपट करणाऱ्या चार्ल्स पेन यांना लष्कराची नड ठाऊक होती. त्यांनी अर्जात मर्यादेच्या आतला आकडा भरायला लावला. ही लबाडी होतीच, पण एवढ्या वजनात अशी गाडी कुणालाच बसवता येणार नाही, हेही तितकंच खरं होतं.

२२ जुलैला बॉल्टिमोरच्या कॅम्प होलाबर्ड या लष्करी तळावर निविदा उघडल्या. विलीजची किंमत कमी होती, पण त्यांना मुदत वाढवून हवी होती. उशिराच्या प्रत्येक दिवसाला दंड लागला आणि काम बँटमच्या पदरात पडलं.

५ ऑगस्टपासून दिवस मोजायला सुरुवात झाली. कारखान्याचे प्रमुख हॅरल्ड क्रिस्ट यांनी जुन्याजाणत्या कारागिरांना हाताशी धरलं. आराखड्याची वाट न पाहता पत्रे हातांनीच ठोकून वाकवले. २१ सप्टेंबरला गाडी उभी राहिली. मुदत २३ तारखेला संध्याकाळी पाचची. ट्रकवर चढवून नेण्याऐवजी प्रोब्स्ट आणि क्रिस्ट यांनी ती बटलरहून स्वतः चालवत नेली. साडेतीनशे किलोमीटरांहून अधिक रस्ता, डोंगराळ भाग, आणि इंजिन अजून रुळायचं होतं, म्हणून सुरुवातीला वेग मुद्दाम कमी ठेवलेला. ती होलाबर्डच्या फाटकातून आत शिरली तेव्हा साडेचार वाजले होते. मुदतीला अर्धा तास उरला होता.

खरेदी अधिकारी मेजर लॉज यांनी लगेच चाक हातात घेतलं आणि गाडी चढणींवर घातली. काही मिनिटांत ते परत आले ते खूश होऊन. मग वजनाचा प्रश्न निघालाच. काट्यावर गाडी भरली २,०३० पौंड, म्हणजे सुमारे ९२० किलो. निविदेतला आकडा पार खोटा पडला होता, तरी गाडी परत पाठवा असं कुणी म्हटलं नाही. पुढचे काही आठवडे तिला साडेपाच हजार किलोमीटर दगडाधोंड्यांतून पिटाळलं. सांगाड्याला तडे गेले, तरी पसंती पक्की झाली. बदलली ती वजनाची अट.

इथून पुढे बँटमचं नशीब फिरलं. एवढीशी कंपनी लष्कराला पुरतील इतक्या गाड्या वेळेवर देईल, यावर अधिकाऱ्यांचा भरवसा नव्हता. चाचण्या चालू असताना विलीज आणि फोर्डची माणसं तिथे हजर होती. बँटमचे आराखडेही लष्कराने त्यांच्या हाती दिले. नमुना लष्करासाठी बनला, म्हणून त्यावर हक्क लष्कराचा, असा हा न्याय. नोव्हेंबरमध्ये दोघांनी आपापले नमुने आणले, विलीजने ‘क्वाड’ आणि फोर्डने ‘पिग्मी’. दोन्ही बँटमच्या गाडीची भावंडं वाटावीत अशी. लष्कराने तिघांनाही प्रत्येकी दीड हजार गाड्यांची ऑर्डर देऊन टाकली.

विलीजकडे मात्र एक हुकमाचं पान होतं, ते म्हणजे मुख्य इंजिनिअर डेल्मर ऊर्फ बार्नी रूस यांनी तासूनघासून तयार केलेलं इंजिन. २.२ लिटर, ६० अश्वशक्ती. नाव ‘गो-डेव्हिल’. चढणीवर दुसरं कुणी त्याच्या जवळपास येत नव्हतं. अडचण एकच होती. नवी मर्यादा २,१६० पौंडांची आणि क्वाड भरली २,४२३ पौंड. हलकं इंजिन टाकणं हा सोपा उपाय होता, पण रूस यांनी इंजिन राखलं आणि बाकीची गाडी सोलून काढली. अख्खी गाडी खोलून एकेक भाग वजन करून पाहिला. बोल्टची नटाबाहेर आलेली टोकं कापली. पोलाद बदलून पत्रा पातळ केला. रंगाचा एकच हात दिला. शेवटी काटा मर्यादेच्या जेमतेम आत आला.

जुलै १९४१ मध्ये १६,००० गाड्यांचं कंत्राट विलीजला मिळालं. एका कंपनीवर विसंबणं नको म्हणून विलीजच्याच नमुन्यानुसार फोर्डलाही काम दिलं गेलं. विलीजच्या पहिल्या गाड्यांना पुढे पोलादी पट्ट्या जोडून केलेली जाळी होती. फोर्डने एकाच पत्र्यातून नऊ फटींची जाळी ठोकून काढली, हलकी आणि स्वस्त. विलीजने तीच उचलली. युद्ध संपेपर्यंत दोघांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बनवल्या. बँटमच्या वाट्याला आल्या पावणेतीन हजारांच्या आसपास, आणि नंतर जीपच्या मागे जोडायचे ट्रेलर.

१९४८ मध्ये कमिशनने निकाल दिला. जीपची मूळ कल्पना बँटमने लष्करी अधिकाऱ्यांच्या साथीने मांडली आणि तिचा विकासही त्याच साथीने झाला. जीप आपण निर्माण केली असा दावा विलीजने जाहिरातींतून करू नये, असा आदेश निघाला. त्याने बँटमच्या हाती काही लागलं नाही. दोनच वर्षांनी, १९५० मध्ये, ‘जीप’ या नावाची नोंद विलीजच्याच नावे झाली.

पुढचा वंशविस्तारही विलीजकडूनच झाला. १९४५ ची सीजे-२ए शेतकऱ्यांसाठी होती. मागे उघडणारी फळी, मोठे दिवे, पुढे सात फटींची जाळी. १९५३ च्या सीजे-३बीमध्ये उंच इंजिन बसवायचं म्हणून बॉनेट वर उचललं. १९५४ मध्ये आलेली सीजे-५ जवळजवळ तीस वर्षं बनत राहिली. १९८६ मध्ये रँग्लर आली. दरम्यान मालकी कायझर, एएमसी, क्रायसलर अशी हात बदलत गेली.

त्यातली सीजे-३बी आपल्याला सर्वांत ओळखीची. महिंद्रने मुंबईत माझगावला विलीजचे सुटे भाग आणून जोडणी सुरू केली, मग परवाना घेऊन गाड्या इथेच घडवल्या. उंच बॉनेटची ती जीप तलाठ्याच्या कचेरीपासून निवडणुकीच्या प्रचारापर्यंत महाराष्ट्राने पाहिली. २०१८ मध्ये महिंद्रने त्याच घराण्यातली रॉक्सर ही गाडी अमेरिकेत विकायला काढली. तेव्हा जीपच्या तत्कालीन मालकांनी आमच्या गाडीचं रूप चोरलं म्हणून तक्रार गुदरली, आणि २०२० मध्ये तिथल्या व्यापार आयोगाने रॉक्सरच्या सुरुवातीच्या नमुन्यांवर बंदी घातली.

ज्या चेहऱ्यासाठी हा वाद झाला, त्याची जाळी मुळात फोर्डची होती, त्यामागचं दणकट इंजिन रूस यांचं, आणि या सगळ्याखालची गाडी प्रोब्स्ट यांनी दोन दिवसांत कागदावर उतरवलेली. पितृत्वाचा निकाल १९४८ सालीच बँटमच्या बाजूने लागला होता. ज्याच्या बाजूने तो लागला, त्या कारखान्याने मात्र युद्धानंतर एकही मोटार बनवली नाही.