मोफत सवलतीचे मोल

१९९९ साली लातूर जिल्ह्यात जळकोट हा स्वतंत्र तालुका झाला. सामान्य माणसाची कामे जवळच्या जवळ व्हावीत, हा अशा विभाजनामागील हेतू असतो. तहसील कचेरी जवळ आली हे खरे. परंतु कचेरीचे अंतर घटले म्हणून कागदाचे अंतर घटतेच असे नाही. निवारा आणि औषधोपचार या दोन मूलभूत गरजांच्या बाबतीत हे विशेषत्वाने जाणवते.

घरकुलाचेच उदाहरण घ्यावे. २०१६ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेत सपाट प्रदेशातील ग्रामीण कुटुंबासाठी १ लाख २० हजार रुपयांचे साहाय्य ठरविण्यात आले. ते मिळते हप्त्याहप्त्याने. जोते झाले, छायाचित्र गेले, तपासणी झाली, की पुढचा हप्ता. पहिल्या हप्त्यात जोते पुरे होत नसेल, तर सिमेंट, वाळू आणि गवंड्याची मजुरी यांची तजवीज लाभार्थ्यानेच करावयाची. ज्याच्यापाशी मधल्या काळापुरते भांडवल आहे त्याचे घर उभे राहते. ज्याच्यापाशी नाही त्याला उसनवारीवाचून गत्यंतर नाही. ज्याला गावात स्वतःची जागाच नाही, तो तर पहिल्याच पायरीवर अडतो. तात्पर्य, सर्वांत दुबळ्यालाच सवलत सर्वांत महाग पडते.

आरोग्याची स्थिती याहून निराळी नाही. २०१२ साली नांदेडसह आठ जिल्ह्यांत सुरू झालेली जीवनदायी योजना २०१७ पासून महात्मा फुले यांच्या नावाने चालते. तिने अनेकांच्या शस्त्रक्रियांचा भार उचलला, हे नाकारणे अन्यायाचे होईल. पण तिचा भर रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या ठरावीक उपचारांवर आहे. मधुमेहाच्या रोजच्या गोळ्या, किंवा रुग्णासोबत उदगीर-नांदेडला गेलेल्या माणसाची बुडालेली मजुरी तिच्या हिशेबात येत नाही. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार कुटुंबांच्या खिशातून होणाऱ्या खर्चाचे देशाच्या एकूण आरोग्यखर्चातील प्रमाण २०१३-१४ मधील ६४.२ टक्क्यांवरून २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आले. सुधारणा निश्चित आहे. तरीही भार लहान नाही.

कागदाची किंमत केवळ रुग्णच मोजतो असेही नाही. ऑक्टोबर २०२३ च्या आरंभी नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू झाले. त्यांत १२ नवजात अर्भके होती. औषधटंचाईचा आरोप झाला, शासनाने तो नाकारला, उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. कारण कोणतेही असो, औषधखरेदीची यंत्रणा २०१७ मध्ये हाफकिनकडे सोपवून २०२३ मध्ये पुन्हा नव्या प्राधिकरणाकडे नेण्याची पाळी राज्यावर आली, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

गैरव्यवहार रोखण्यासाठी दाखले हवेत, हे मान्यच आहे. प्रश्न एवढाच, की पुरावा गोळा करण्याचे ओझे कोणी वाहावे? जी माहिती शासनाच्याच दप्तरी आहे, ती मजुराकडून पुन्हा मागू नये. हप्ता कामाच्या आधी द्यावा, हिशेब नंतर घ्यावा. विलंबाची मुदत ठरवून तिचा जाब कचेरीला विचारावा. रोजंदारीवर जगणाऱ्याचा प्रत्येक हेलपाटा म्हणजे एका दिवसाची भाकरी होय. अंदाजपत्रकात तिची नोंद नसते, एवढ्यावरून ती फुकट ठरत नाही.