सुरक्षेचे प्रशिक्षण मजुराचे, मग कागद ठेकेदाराच्या फायलीत का?

डहाणू-तलासरी पट्ट्यात आज सरकारी मालकांची कमी नाही. डहाणू नगरपरिषद, तलासरी नगरपंचायत, पश्चिम रेल्वे, महावितरण ही जुनी नावे. त्यांत बुलेट ट्रेन, मुंबई-वडोदरा द्रुतगती महामार्ग आणि वाढवण बंदराची भर पडली. वाढवणला स्थानिक मच्छीमार आणि आदिवासींचा विरोध आहे. तो प्रश्न मोठा आहे, त्यावर स्वतंत्रपणे लिहायला हवे. इथे आम्ही बोलतो आहोत ते अशा सरकारी कामांवर जाणाऱ्या मजुराबद्दल. तो वारली असो की आपल्या बौद्ध वस्तीतला, मालक सरकारी असला तरी त्याची हजेरी ठेकेदाराच्या वहीत असते. चार महिने गटारावर, सहा महिने पुलावर, मग पुन्हा दुसरीकडे.

प्रत्येक ठिकाणी त्याची पाटी कोरी धरली जाते. आधीच्या साइटवर उंचीवर काम करताना पट्टा कसा बांधायचा, हे तो शिकलेला असतो. पण प्रमाणपत्र ठेकेदाराकडे राहते आणि नव्या जागी त्याची पुन्हा ‘बिगारी’ म्हणूनच नोंद होते. तेच ते ऐकून प्रशिक्षण म्हणजे अंगठा उठवण्याचा कार्यक्रम होऊन बसतो. आम्हाला खरा धोका इथे दिसतो.

असे का होते? २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेनुसार कामगाराला आवश्यक माहिती आणि प्रशिक्षण देणे हे मालकाचे कर्तव्य आहे. अपघात झाला तर जाब त्यालाच द्यावा लागतो. म्हणून दुसऱ्याच्या कागदावर तो विसंबत नाही. ही भीती अगदीच चुकीची म्हणता येणार नाही.

पण सगळे प्रशिक्षण एका जातीचे नसते. या पुलावरून संकटात बाहेर कुठून पडायचे, या रुळावर गाडी कधी येते, हे त्या त्या जागेवरच शिकवावे लागेल. बंद जागेतील वायूचे मात्र तसे नाही. नगरपरिषदेच्या मैलाटाकीत हायड्रोजन सल्फाइड जसा माणूस मारतो, तसाच तो दुसऱ्या कुठल्याही सरकारी चेंबरमध्ये मारतो. आधी वायू तपासा, वर माणूस उभा ठेवा, आतला कोसळला तर साधनाशिवाय मागोमाग उतरू नका, हे नियम मालक बदलला म्हणून बदलत नाहीत. या भागाला सर्वत्र मान्यता मिळायला हवी.

गटारात कोण उतरते हे आपल्या वाचकांना सांगायला नको. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय गटारात किंवा मैलाटाकीत माणूस उतरवण्यास बंदी आहे. गटारातील मृत्यूसाठी ३० लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २० ऑक्टोबर २०२३ रोजी दिला. भरपाई माणूस गेल्यावर मिळते. प्रशिक्षण त्याआधी लागते.

हे अशक्य नाही. खलाशाचे मूलभूत सुरक्षा प्रशिक्षण १९७८ च्या आंतरराष्ट्रीय करारामुळे जहाज बदलले तरी चालते. आग विझवणे आणि समुद्रात जीव वाचवणे यांची उजळणी मात्र दर पाच वर्षांनी करावी लागते. ऑस्ट्रेलियात बांधकाम मजुराचे एका राज्यात मिळालेले ‘व्हाइट कार्ड’ इतर राज्यांतही मान्य होते.

आपल्याकडे हा विचार नवा नाही. ७ ऑगस्ट १९४२ रोजी दिल्लीत मजूरमंत्री म्हणून बाबासाहेबांनी सरकार, मालक आणि कामगार यांना एका परिषदेत बसवले. प्रांतोप्रांतीच्या कामगार कायद्यांत एकसारखेपणा आणणे हा त्या परिषदेचा एक हेतू होता. एकाच तालुक्यातल्या दोन सरकारी कार्यालयांत आज तेवढेही जुळू नये?

राज्याच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी असतेच. मागच्या वर्षात ९० दिवस बांधकाम केलेल्याला ती करता येते. ठेकेदार बदलल्याने ती रद्द होत नाही. त्याच नोंदीत प्रशिक्षणाचा रकाना असावा. विषय, तास, तारीख, शिकवणारी संस्था, प्रत्यक्ष करून दाखवले की नुसते सांगितले, आणि कोणत्या भाषेत सांगितले, हे सारे त्यात यावे. हिंदीतून तासभर ऐकवलेले वारली बोलणाऱ्याला किती कळले, हेही तपासावे.

तोपर्यंत मजुराने प्रमाणपत्राची प्रत मागून घ्यावी, निदान मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. वस्तीतल्या शिकलेल्या मुलांनी त्याला अर्ज लिहून द्यावा. आणि नगरपरिषद, नगरपंचायतीकडे एकच मागणी करावी: निविदेत अशी अट घाला की, मागील प्रशिक्षण प्रात्यक्षिक घेऊन मान्य करावे आणि नव्याची प्रत कामगाराच्या हातात द्यावी.