चेंडूनें प्यालेलें तेल

दहा पिना पाडण्याचा ‘बोलिंग’ हा खेळ अमेरिकेंत आबालवृद्धांचा आवडता आहे. तेथें राहणारीं आपलीं कुटुंबेंही तो खेळतात. ज्या ६० फुटी मार्गावरून चेंडू सोडावयाचा, त्यावर तेलाचा हात दिलेला असतो. १९९० च्या दशकापासून रूढ झालेल्या राळेच्या चेंडूस सूक्ष्म छिद्रें असतात. त्याचा पृष्ठभाग मार्गास धरतो म्हणून चेंडू छान वळतो. पण छिद्रांवाटे तो तेलही पितो, आणि कालांतरानें नुसता घसरूं लागतो.

असा महागाचा चेंडू निकामी समजून टाकूं नये. बोटांचीं भोंकें पाणी न शिरणाऱ्या चिकटपट्टीनें बंद करावीं. बादलींत ऊन पाणी घ्यावें. तें ६० अंश सेंटिग्रेडहून अधिक तापलेलें नसावें. त्यांत भांड्यांच्या साबणाचे चार थेंब टाकून चेंडू २० मिनिटें ठेवावा. १२ पौंडांहून हलका चेंडू तरंगतो; तो मधून मधून फिरवावा. सुटलेलें तेल पुसून, पाणी बदलून, तेल येईनासें होईपर्यंत हाच क्रम चालवावा.

उकळत्या पाण्याचा किंवा भट्टीचा मोह मात्र आवरावा. अति उष्णतेनें चेंडू तडकतो. त्यापेक्षां प्रत्येक खेळानंतर तेल ताजें असतांच फडक्यानें पुसण्याची संवय मुलांस लावावी, हें उत्तम.