समुद्रकांठचे अकरा दिवस

ज्याच्या आयुष्याचीं छत्तीस वर्षें शाळेच्या घंटेवर उठण्याबसण्यांत गेलीं, त्याच्याच घरचीं नातवंडें शाळेंत जात नाहींत, हें चारचौघांत सांगावयास आम्हांस प्रथम प्रथम मोठा संकोच वाटे. चार वर्षांपूर्वीं आमच्या चिरंजीवांनीं व सूनबाईनें मुलांचीं नांवें शाळेंतून काढून त्यांस घरींच शिकविण्याचा निश्चय आम्हांस कळविला, तेव्हां आम्ही एवढेंच म्हणालों, "तुम्हीं पुरता विचार केला असेल तर आम्ही कोण अडविणार?" वाक्य दिसण्यांत सौम्य, पण रागाचें होतें. त्यानंतर कित्येक महिने त्या विषयावर बापलेकांत शब्द झाला नाहीं. कारण उघड होतें. शाळा नको म्हणजे मास्तर नको. आणि मास्तर म्हणजे आम्ही!

वस्तुतः घरीं शिकणें ही गोष्ट आपल्या समाजास अपरिचित नाहीं. आम्हांस स्वतःस रूपावलि व अमरकोश वडिलांनीं पहांटेच्या अंधारांत अंथरुणावर बसवून शिकविला. शाळेनें त्यावर मॅट्रिकचा शिक्का मारिला एवढेंच. परंतु तेव्हां घरचें शिक्षण शाळेच्या जोडीस असे, तिच्या जागीं नसे. आजची स्थिति निराळी आहे. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ सालीं झाला व १ एप्रिल २०१० पासून अंमलांत आला. ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलास तो शाळेचा हक्क देतो. घरीं शिकविणाऱ्या आईबापांविषयीं त्यांत स्पष्ट शब्द नाहीं. पुढें परीक्षा द्यावयाची तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचा मार्ग आहे, किंवा आपल्या राज्य मंडळाचा १७ नंबरचा अर्ज भरून बाहेरून बसतां येतें. ही सर्व माहिती आम्हीं रागाच्या भरांत, मुलाचें म्हणणें खोडून काढावें म्हणून मिळविली. तिनें आमचाच राग थोडा उतरला, हें कबूल केलें पाहिजे.

गेल्या वर्षीं पौषाच्या प्रारंभीं चिरंजीव म्हणाले, "अण्णा, आम्ही मोटार घेऊन कोंकणच्या किनाऱ्यानें विजयदुर्गापर्यंत जाणार आहों. मुक्काम तंबूंत. तुम्ही चला." आमच्या मनांत आलें, ही शिक्षणाची सहल आहे कीं सहलीचें शिक्षण, तें एकदां डोळ्यांनीं पाहावें. गुडघेदुखीमुळें आमचें कुटुंब घरीं राहिलें. परंतु तिळाच्या लाडवांचा, मेतकुटाचा आणि थालिपिठाच्या भाजणीचा डबा तिच्या हातचा होता. दोन तंबू, सतरंज्या, एक स्टोव्ह, दोरीचें भेंडोळें, मुलांच्या वह्या आणि आमचें पंचांग, एवढ्या सामानानिशीं शुद्ध षष्ठीस आम्ही पांच माणसें पुण्याहून निघालों आणि ताम्हिणी घाट उतरून सायंकाळीं हरिहरेश्वरास पोंचलों. नात १३ वर्षांची, नातू १० वर्षांचा. तंबू बहुधा कोणाच्या तरी पोफळीच्या वाडींत घरधन्यास विचारून ठोकावा, विहिरीचें पाणी घ्यावें आणि सकाळीं निघतांना जागा झाडून द्यावी, असा क्रम ठरला. पहिल्या रात्रीं दंवानें तंबूचें कापड ओलेंचिंब झालें व आमच्या कमरेनें तक्रार केली. दुसऱ्या रात्रीं दोन सतरंज्या अधिक मिळाल्यावर तक्रार मागें घेण्यांत आली.

सप्तमीस बागमांडल्याच्या धक्क्यावर सावित्रीची खाडी ओलांडण्यासाठीं आलों. पलीकडे वेसवी. माणसें, मोटारी, दुचाक्या सर्व एकाच सपाट बोटीवर चढतात. ओहोटीची वेळ होती. धक्क्याखालचा चिखल उघडा पडून त्यावर बगळे फिरत होते. नातवानें एका वयस्क खलाशास विचारिलें, "काका, पाणी पुन्हां केव्हां भरणार?" त्यानें घड्याळ पाहिलें नाहीं कीं आकाश पाहिलें नाहीं. "आज सातम. सव्वापांचला भरेल." "कसें कळलें?" "तिथीची पाऊणपट कर." साताची पाऊणपट सव्वापांच!

वाचकहो, पन्नास वर्षें आम्ही रोज पंचांग उघडीत आलों. पण एकादशी, चतुर्थी व श्राद्धतिथि यांपलीकडे त्याचा उपयोग आम्हीं कधीं केला नव्हता. त्याच तिथींवर हा मनुष्य समुद्राचें वेळापत्रक वाचीत होता! मात्र कारण सांगण्याची पाळी आली तेव्हां आमचें जुनें गणित उपयोगीं पडलें. चंद्र रोज आदल्या दिवसापेक्षां उशिरा उगवतो आणि भरती चंद्राच्या मागोमाग येते. चांद्रमासाच्या तिथि ३०. तेवढ्यांत भरतीची वेळ २४ तास पुढें सरून पुन्हां मूळ जागीं येते. म्हणजे एका तिथीस ४८ मिनिटें, बरोबर दोन घटिका. नातीनें लगेच आक्षेप काढिला, "मग पाऊण तासाचीं ४५ मिनिटें कमी पडतात. पौर्णिमेला खलाशीकाकांचा हिशेब सव्वाअकरा सांगेल आणि तुमचा बारा. खरा कोणाचा?" आम्ही म्हणालों, "पाहूं या." त्याच दिवशीं वहींत चार रकाने आंखले गेले: तिथि, खलाशाचा हिशेब, आजोबांचा हिशेब, प्रत्यक्ष वेळ.

वेळासला दोन रात्रीं होतों. नाना फडणिसांच्या घराण्याचें हें गांव आतां कासवांमुळें ओळखलें जातें. ऑलिव्ह रिडले जातीच्या सागरी कासवांच्या माद्या हिंवाळ्यांत रात्रीं वाळूंत येऊन अंडीं घालतात. एकेका घरट्यांत शंभराच्या आसपास अंडीं असतात. पूर्वीं तीं कोल्ह्याकुत्र्यांच्या व माणसांच्याही तोंडीं जात. २००२ सालापासून चिपळूणच्या 'सह्याद्रि निसर्ग मित्र' या संस्थेनें गांवकऱ्यांच्या साह्यानें तीं राखण्याचें काम आरंभिलें. अंडीं उचलून कुंपणाच्या आंत तितक्याच खोल पुरतात आणि सुमारें ४५ ते ५५ दिवसांनीं पिलें बाहेर पडलीं कीं समुद्राकडे सोडतात. आम्हांस पिलें दिसलीं नाहींत. तारखा लिहिलेल्या पाट्या तेवढ्या दिसल्या. आई अंडीं घालून जाते ती परत येत नाहीं, हें ऐकून नातू म्हणाला, "म्हणजे त्यांना शाळाही नाहीं आणि घरही नाहीं!" सूनबाई हंसली; आम्ही मात्र चिरंजीवांकडे पाहिलें व त्यांनीं आमच्याकडे पाहिलें.

नवमीस सायंकाळीं हर्णैच्या वाळूवर होतों. समोर सुवर्णदुर्ग, आणि अलीकडे होड्यांतून उतरलेल्या मासळीचा लिलाव. आम्ही शाकाहारी मंडळी बाजूस उभीं होतों. नातीच्या वयाची एक मुलगी आईच्या शेजारीं उभी राहून बोलींचे आंकडे तोंडींच जुळवीत होती. तिनें नातीस विचारिलें, "तूं कितवीत?" नात म्हणाली, "मी शाळेंत जात नाहीं." त्या मुलीच्या मुद्रेवर जी कींव दिसली ती आम्ही विसरणार नाहीं. "कां ग? फी नाहीं भरली?" मग तिनें आपलें सांगितलें. पहांटे आईबरोबर काम, मग शाळा, आणि पुढें तिला परिचारिका व्हावयाचें होतें. ती म्हणाली, "शाळा सुटली तर मी इथंच राहीन."

त्या रात्रीं आम्ही जवळच मुरुडास होतों. महर्षि अण्णासाहेब कर्वे यांचें हें गांव. परीक्षेस बसावयाचें म्हणून ते येथून पायीं साताऱ्यास गेले, आणि वयानें लहान दिसतो म्हणून त्यांना बसूं दिलें नाहीं, ही गोष्ट आम्हीं मुलांस कंदिलाजवळ सांगितली. सांगतां सांगतां चिरंजीवांसही एक शब्द ऐकविला. आपल्या घरांत पुस्तकांची भिंत आहे, आई पदवीधर आहे, बाप कोठेंही बसून मिळवूं शकतो, म्हणून आपणांस शाळा सोडतां आली. त्या मुलीस शाळा हीच खाडी ओलांडण्याची फेरीबोट आहे. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनीं कोसबाडास गुरें राखणाऱ्या मुलांसाठीं कुरणांत शाळा नेली. ती शाळेचा कंटाळा आला म्हणून नव्हे, शाळा पोंचत नव्हती म्हणून. चिरंजीव बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "अण्णा, हें मला मान्य आहे. शाळा वाईट असें मीं कधींच म्हटलें नव्हतें. तुम्हीं तसें ऐकलेंत." चार वर्षांनीं आम्हां दोघांचें हें पहिलें बोलणें.

दाभोळास वाशिष्ठीची खाडी ओलांडून गुहागरास आलों. एकादशीच्या सायंकाळीं चिरंजीवांनीं सुरूच्या झाडांखालीं, वाळूच्या सपाट जागीं तंबू ठोकण्यास घेतला. नातू वही घेऊन आला. "आज अकरा, सव्वाआठाची भरती. आणि ही पाहा ओल्या काडीकचऱ्याची रेघ. ही सकाळच्या भरतीची. पौर्णिमेकडे भरती वाढत जाते ना, आजोबा?" आम्ही हो म्हटलें, अमावास्या-पौर्णिमेची भरती ती उधाणाची आणि अष्टमीच्या सुमाराची ती भांगाची, हें एव्हांना सर्वांस पाठ झालें होतें. "मग तंबू वर घ्या." दहा वर्षांच्या पोराच्या शब्दावर ठोकलेल्या मेखा उपटल्या व तीस पावलें वर ठोकल्या. साडेआठाच्या सुमारास पाणी आलें तें जुन्या मेखांच्या भोंकांपासून हातभर अंतरावर थांबलें. आमच्या शाळेंत गणितांत पैकींच्या पैकीं गुण मिळविणारीं मुलें पुष्कळ होऊन गेलीं. गणितावर आपलें अंथरूण सोपविणारें मूल आम्हीं प्रथमच पाहिलें.

पुढें जयगडची खाडी, केशवसुतांचें मालगुंड, १८५६ सालीं लोकमान्य टिळक जन्मले ती रत्नागिरी, आणि ब्रह्मदेशचा पदच्युत राजा थिबा १९१६ सालीं जेथें निधन पावला तीच रत्नागिरी, असें पाहत पाहत पौर्णिमेस विजयदुर्गास पोंचलों.

हा किल्ला आमच्या ओळखीचा. शाळेच्या दोन सहली आम्हीं येथें आणिल्या होत्या. प्रत्येक वेळीं साठ मुलें, दोन एस. टी. गाड्या आणि दोन तासांची मुदत. किल्ल्यांत 'साहेबाचे ओटे' म्हणून चौथरे आहेत. दोन्ही वेळां त्यांपाशीं उभे राहून आम्हीं खणखणीत आवाजांत सांगितलें होतें कीं, १८ ऑगस्ट १८६८ रोजीं खग्रास सूर्यग्रहणांत लॉकियर नांवाच्या इंग्रज शास्त्रज्ञानें याच ओट्यांवरून हेलियम वायूचा शोध लाविला. पुष्कळ ठिकाणीं तसें छापलेलें आढळतें. तेंच भाषण आम्हीं नातवंडांपुढें केलें.

नात वहीकडे पाहत होती. "आजोबा, १८ ऑगस्ट म्हणजे श्रावण ना?"

"होय."

"श्रावणांत येथें आभाळ स्वच्छ असतें का? ग्रहण पाहण्यासाठीं साहेब इतक्या लांबून येईल, तो कोंकणच्या पावसांत कशाला येईल?"

आम्ही निरुत्तर झालों. एकशेंवीस मुलांपैकीं एकानेंही हा प्रश्न विचारला नव्हता. खरें म्हणजे विचारण्यास आम्हीं उसंतच दिली नव्हती. रात्रीं चिरंजीवांनीं आपल्या यंत्रावर जुने वृत्तान्त शोधिले. १८६८ च्या त्या ग्रहणाचें निरीक्षण जान्सेन या फ्रेंच ज्योतिषानें गुंटुराहून, म्हणजे सह्याद्रीचा पाऊस जेथें पोंचत नाहीं अशा पूर्वेकडील प्रदेशांतून केलें. लॉकियर त्या वर्षीं इंग्लंडांतच होता. २० ऑक्टोबरास त्यानें ग्रहणावांचूनच सूर्याच्या ज्वालांचा वर्णपट पाहिला. त्यांतील पिवळी रेषा पृथ्वीवरील कोणत्याही ज्ञात द्रव्याची ठरेना, म्हणून त्या द्रव्यास सूर्याच्या ग्रीक नांवावरून हेलियम हें नांव मिळालें. आणि १८९५ सालीं रॅम्से यानें तें पृथ्वीवरही शोधून काढिलें. मग ओटे खोटे काय? तसेंही नव्हे. २२ जानेवारी १८९८ रोजीं, पौष अमावास्येस, खग्रास ग्रहणाचा पट्टा याच किनाऱ्यावरून गेला आणि तें पाहण्यासाठीं लॉकियर विजयदुर्गास येऊन राहिला होता. महिना पौष, आकाश निरभ्र! साहेब खरा, गांव खरा. आम्ही तीस वर्षें चुकलों होतों.

रात्रीं पुष्कळ वेळ झोंप आली नाहीं. बाहेर पौर्णिमेचें चांदणें होतें. त्या दिवशींच्या भरतीचीही नोंद वहींत झाली होती: दुपारच्या अगोदर, अकरा वाजून वीस मिनिटांनीं पाणी थांबलें. खलाशाचा हिशेब जिंकला. प्रत्येक बंदरास भरती आपापल्या वेळीं पोंचते. नुसत्या चंद्रावरून बसल्या जागीं मांडलेलें गणित किनाऱ्यावर येऊन जुळवून घ्यावें लागतें. खलाशाच्या बापजाद्यांनीं तें घेतलें होतें, आम्हीं घेतलें नव्हतें. परंपरेनें आलेलीं दोन वाक्यें त्या अकरा दिवसांत तपासलीं गेलीं. एक टिकलें, दुसरें पडलें. टिकलें तें खलाशाचें, पडलें तें मास्तरांचें.

आमचें मत कोणी विचारील तर सांगतों. घरचें शिक्षण सर्वांस साधणारें नाहीं. सूनबाईचे रोजचे चार तास त्यांत जातात, नातवाचें शुद्धलेखन अजून कच्चें आहे, आणि समवयस्कांशीं भांडून पुन्हां गोडी करण्याची विद्या आजोबा शिकवूं शकत नाहीं. हर्णैच्या त्या मुलीची शाळा चालूच राहिली पाहिजे, आणि चांगली चालली पाहिजे. परंतु शाळेंतही प्रश्नास थांबण्यापुरती उसंत असावी, एवढें आम्ही विजयदुर्गाहून शिकून आलों. फोंडा घाटानें घरीं परतलों तेव्हां कुटुंबानें विचारिलें, "काय शिकविलेंत मुलांना?" आम्ही उत्तर दिलें, "हिशेब अजून व्हावयाचा आहे."

शेवटीं एक विनंति. आमच्या त्या दोन सहलींतील विद्यार्थी आज स्वतः आईबाप झाले असतील. त्यांपैकीं कोणाच्या हातीं हा अंक पडला तर त्यांनीं आमच्या सांगण्यांत एवढी दुरुस्ती करून घ्यावी: १८६८ नव्हे, १८९८, आणि शोध नव्हे, निरीक्षण.