पावसाळ्यात दार कुठल्या दिशेने वाढतं?

पडवीत सुतारकामाचं टेबल मांडलं, भिंतीला करवती टांगल्या, की पहिलं काम घरातूनच येतं: "ते दार अडकतंय, तेवढं बघ ना." आषाढात तर हमखास. रंधा उचलण्याआधी जरा थांबा, त्या दारात चाललेला प्रकार थक्क करणारा आहे.

लाकूड कापून पन्नास वर्षं झाली तरी हवेतला ओलावा घेत-सोडत राहतं. हवेची आर्द्रता 50 टक्के असली तर त्यात कोरड्या वजनाच्या साधारण 9 टक्के पाणी असतं. 90 टक्क्यांच्या हवेत राहिलं तर हळूहळू 20 टक्के. हे पाणी पेशींच्या भिंतींत मुरतं. तिथे सेल्युलोजचे अतिसूक्ष्म तंतू असतात, बहुतेक खोडाच्या लांबीत उभे. पाणी त्यांच्यामध्ये घुसून त्यांना दूर सारतं. तंतू स्वतः मात्र लांबत नाहीत. म्हणून फळी रुंदीला फुगते, लांबीला जवळपास नाहीच! सागवान त्यातल्या त्यात स्थिर, तरी सलग सागवानी फळ्यांचं 80 सेंटिमीटरचं दार एवढ्या ओलाव्याने दीड सेंटिमीटर वाढू शकतं.

आता जुनं दिलह्यांचं दार जवळून बघा. मधले दिलहे भोवतालच्या पट्ट्यांच्या खाचेत नुसते बसवलेले, ना खिळा ना सरस. फुगले तर खाचेतल्या खाचेत सरकतात. आडव्या पट्ट्या लांबीत वाढत नाहीत. राहता राहिल्या दोन उभ्या पट्ट्या. त्यांची वाढ फार तर चार मिलिमीटर. सुतारकामात याहून देखणी युक्ती मला माहीत नाही.

पण फटच दोन-तीन मिलिमीटरची असली तर हे दारही अडकणारच. आधी वरच्या बिजागरीचे स्क्रू तपासा. ते ढिले असले की दार कलतं आणि कडीकडचा वरचा कोपरा घासतो. तिथे रंध्याचं कामच नाही, स्क्रू आवळले की झालं. स्क्रू घट्ट असतील तर चौकटीला खडू फासून दार लावा. दारावर खडू उमटेल तेवढ्याच जागी हलका हात फिरवा. भर पावसात जास्त तासलंत तर उन्हाळ्यात तिथे बोटभर फट दिसेल.

दार उतरवलंच असेल तर खालच्या कडेवरून बोट फिरवा. बहुतेक दारांना तिथे रंग लागलेलाच नसतो, आणि उभ्या पट्ट्यांची कापलेली टोकं तिथेच उघडी असतात. तंतूंच्या दिशेने पाणी सगळ्यात वेगाने आत शिरतं, ते तिथूनच. पाऊस संपून लाकूड वाळलं की त्या कडेला आणि तासलेल्या जागेला वार्निशचे दोन हात द्या.