मानसशास्त्राचा विद्यार्थी आणि त्याची परीक्षा

विद्यार्थी परीक्षेत मागे पडला की आपल्या घरांतून त्याची दोनच कारणे सांगितली जातात. एक, मुलाला मुळात बुद्धीच बेताची. किंवा दुसरे, बुद्धी आहे, पण तो अभ्यासाला बसत नाही. पहिले कारण खरे मानले तर इलाजच उरत नाही. दुसरे मानले तर ‘आणखी दोन तास बस’ यापलीकडे सल्ला उरत नाही. या दोहोंखेरीज तिसरे काही आहे काय, याचा विचार आज आपल्याला करावयाचा आहे. त्यासाठी आम्ही महाविद्यालयातील मानसशास्त्राच्या अभ्यासक्रमाचे उदाहरण घेत आहोत. स्मरण, विस्मरण आणि अवधान हेच ज्या शास्त्राचे विषय, त्या शास्त्राच्या प्राध्यापकांना प्रयोगासाठी माणसे लागतात आणि ती त्यांच्या वर्गात आयतीच बसलेली असतात. त्यामुळे या विद्यार्थ्यांची तपासणी जितकी झाली आहे, तितकी क्वचितच दुसऱ्या विषयाच्या विद्यार्थ्यांची झाली असेल.

प्रथम या विषयाची एक खास अडचण लक्षात घेऊ. रसायनशास्त्राच्या वर्गात पहिल्या दिवशी बसणाऱ्या मुलाला आपल्याला काही येत नाही, हे पक्के ठाऊक असते. मानसशास्त्राचे तसे नाही. मन, स्वभाव, बुद्धी, भीती, सवय हे शब्द आपण लहानपणापासून वापरत आलेलो आहोत. त्यामुळे पुस्तक वाचताना पानोपानी ‘हे तर आपल्याला माहीतच आहे’ असे वाटत जाते, आणि खड्डा असतो तो नेमका तिथेच. ‘ऋण प्रबलन’ ही संज्ञा घ्या. कित्येक विद्यार्थी तिचा अर्थ ‘शिक्षा’ असा करून बसतात. वास्तविक डोके दुखत असता गोळी घेतली आणि दुखणे थांबले, तर पुढच्या वेळी आपण गोळीकडे अधिक लवकर वळतो. नकोशी गोष्ट दूर झाल्यामुळे वर्तन बळावले, म्हणून हे प्रबलन. शिक्षेने वर्तन कमी होते. येथे ते वाढते. तसेच माणूस आपल्या मेंदूचा केवळ दहावा हिस्सा वापरतो, ही समजूत. ती साफ चुकीची आहे. परंतु ती घेऊन वर्गात आलेला विद्यार्थी पुष्कळदा ती घेऊनच बाहेर पडतो. पाटी कोरी असली तर लिहिणे सोपे. या विषयात ती आधी पुसावी लागते.

आता बुद्धीचा प्रश्न. बुद्धीचा आणि गुणांचा संबंध आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. परंतु २००९ साली आर्थर पोरोपॅट यांनी अनेक संशोधनांचे आकडे एकत्र करून पाहिले, तेव्हा असे आढळले की नेमस्तपणा, नेटाने काम करण्याची वृत्ती या स्वभावगुणाचा महाविद्यालयीन यशाशी असलेला संबंध बुद्धीच्या संबंधाइतकाच बळकट आहे. पुढच्याच वर्षी, २०१० साली, क्रेडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्गातील हजेरीविषयी असाच धांडोळा घेतला. अमेरिकेतील प्रवेशपरीक्षेचे गुण, शाळेतील गुण आणि अभ्यासाच्या सवयी या सर्वांपेक्षा हजेरीवरून महाविद्यालयातील यशाचा अंदाज अधिक चांगला बांधता येतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. अर्थात येथे सावध राहिले पाहिजे. हजेरीमुळे गुण वाढतात, की मुळात नेटका असलेला मुलगा वर्गातही येतो आणि गुणही मिळवतो, हे नुसत्या संबंधावरून ठरत नाही. पण ‘मुळात डोकेच नाही’ या निकालाला त्यातून पुष्टी मिळत नाही, एवढे खास.

मग जो मुलगा नियमित वर्गात येतो, रात्री जागून वाचतो आणि तरीही मागे पडतो, त्याचे काय? आमच्या मते सर्वांत अधिक आस्थेने विचार व्हावयास हवा तो याच मुलाचा. कारण बुद्धी आणि कष्ट दोन्ही असून त्याच्या पदरी अपयश येते, आणि शेवटी तो स्वतःच स्वतःला मठ्ठ ठरवून मोकळा होतो.

त्याची अडचण अशी की, आपल्याला किती येते हे त्याला कळत नाही. कॉर्नेल विद्यापीठातील विद्यार्थ्यांवर क्रूगर आणि डनिंग यांनी केलेले प्रयोग १९९९ साली प्रसिद्ध झाले. चाचणीत सर्वांत खाली असलेल्या चतुर्थांश विद्यार्थ्यांचे स्थान शंभरांच्या रांगेत खालून सुमारे १२ वे होते. ते स्वतःला मानत होते ६२ वे. या आकड्यांचा अर्थ कसा लावावा याविषयी पुढे पुष्कळ वाद झाला. तथापि, ‘आले’ असे वाटणे आणि खरोखर येणे यांत अंतर असते, हे प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे.

हे अंतर कशाने वाढते? एका अत्यंत लोकप्रिय सवयीने: तेच तेच पुन्हा वाचण्याने. रोडिगर आणि कार्पिकी यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग पाहा. विद्यार्थ्यांच्या एका गटाने एक उतारा चार सत्रांत पुन्हा पुन्हा वाचला. सरासरी चौदा वेळा. दुसऱ्या गटाने पहिल्या सत्रात तो तीन-चार वेळा वाचला, आणि उरलेल्या तीन सत्रांत पुस्तक मिटून आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. त्यांना ८३ टक्के आठवत होते, लिहिणाऱ्यांना ७१. आठवड्याने परीक्षा घेतली तेव्हा चित्र पालटले. वाचणाऱ्यांपाशी ४० टक्के उरले होते, लिहिणाऱ्यांपाशी ६१. आणि गंमत अशी की, आपल्याला पुढे चांगले आठवेल असा भरवसा वाचणाऱ्यांनाच अधिक होता! वारंवार वाचल्याने मजकूर ओळखीचा होतो, आणि ही ओळख म्हणजेच ज्ञान, अशी मनाची फसगत होते. वाटेत रोज दिसणारा चेहरा आपण ओळखतो, पण त्याचे नाव विचारले तर सांगता येत नाही. तसाच हा प्रकार.

विस्मरणाचा वेग तर जर्मनीतील एबिंगहाउस यांनी १८८५ सालीच मोजून दाखविला होता. निरर्थक अक्षरे पाठ करून ती विसरल्यावर पुन्हा पाठ करावयास किती कमी श्रम पडतात, हे त्यांनी स्वतःवरच पाहिले. तासाभरातच निम्म्याहून अधिक बचत नाहीशी झाली, आणि एका दिवसानंतर सुमारे एकतृतीयांश उरली. परीक्षेच्या आदल्या रात्री केलेला अभ्यास सकाळच्या पेपरापुरता कसाबसा टिकतो तो यामुळेच. तोच वेळ निरनिराळ्या दिवसांत वाटला तर तो अधिक काळ फळ देतो.

आता हे सारे प्रत्यक्ष वर्गात उतरविल्यास काय होते? टेक्सस विद्यापीठाच्या ऑस्टिन येथील मानसशास्त्राच्या प्राथमिक वर्गात पेनबेकर, गॉस्लिंग आणि फेरेल यांनी हा प्रयोग केला. तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. ९०१ विद्यार्थ्यांना प्रत्येक तासाला संगणकावर छोटी चाचणी द्यावी लागे, आणि कोठे चुकले ते तत्काळ कळे. पूर्वी आपल्याकडून चुकलेला प्रश्नही त्यात पुन्हा समोर येई. त्याच शिक्षकांच्या आधीच्या वर्गांतील ९३५ विद्यार्थ्यांशी त्यांची तुलना केली, तेव्हा सारख्याच प्रश्नांवर या मुलांचे यश सुमारे अर्ध्या श्रेणीने वरचे होते. इतर विषयांतही त्यांची प्रगती झाली. आणि आम्हांला सर्वांत मोलाची वाटते ती गोष्ट ही की, बेताच्या परिस्थितीतील आणि सुस्थितीतील घरांतून आलेल्या मुलांच्या श्रेणींमधील अंतर निम्म्याने कमी झाले. दोन्ही तुकड्या एकाच वर्षाच्या नव्हत्या, हा या प्रयोगातील उणेपणा आहे. तरीही त्याचा इशारा स्पष्ट आहे.

असे का व्हावे? सुशिक्षित घरातील मुलाला अभ्यास कसा करावा हे सांगणारे कोणीतरी घरातच असते. ‘पुस्तक मीट आणि मला सांग’ म्हणणारी मोठी बहीण असते, चूक दाखविणारे वडील असतात. घरातून पहिल्यानेच महाविद्यालयात जाणाऱ्या मुलाला हे कोण सांगणार? आपल्याकडे तर शाळा मराठीत आणि पुढची पाठ्यपुस्तके इंग्रजीत, अशी कित्येकांची स्थिती असते. संज्ञा कळली नाही की मुलगा ती पाठ करतो, आणि पाठ झाली की कळली असे समजतो. रोजची छोटी चाचणी त्याला ते सांगते जे घर सांगू शकत नाही.

चाचणीने सर्व प्रश्न सुटतील, असे मात्र आम्ही म्हणत नाही. जो मुलगा दिवसा नोकरी करून संध्याकाळी वर्गात डुलक्या घेतो, त्याला झोप आणि फुरसत हवी आहे. तेथे अभ्यासाची युक्ती पुरी पडणार नाही. पण जेथे वेळ दिला जात आहे आणि तो वाया जात आहे, तेथे उपाय आपल्या हाती आहे आणि त्याला पैसा लागत नाही. शिक्षकांनी तासाच्या आरंभी कालच्या भागावर चार प्रश्न विचारावेत. विद्यार्थ्याने धडा एकदा नीट वाचावा, पुस्तक मिटावे, आठवेल ते आपल्या शब्दांत लिहावे, मग पुस्तक उघडून पाहावे. दोन-चार दिवसांनी पुन्हा तसेच करावे. आणि पालकांनी ‘किती तास बसलास?’ असे विचारण्याऐवजी ‘आज काय वाचलेस, ते मला सांग’ असे म्हणावे. आईवडिलांना विषय येत नसला तरी बिघडत नाही. सांगता सांगता मूल जेथे अडखळेल, तेथून त्याचा उद्याचा अभ्यास सुरू होतो.